सेवक-वडील मेळावा, १२० माणसं, दोन मुक्काम: तयारी कशी लावावी?

खाडीकाठ (प्रश्न)

सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) पाळक, सुवार्तिक, शब्बाथशाळेचे (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचे) शिक्षक, पंच आणि वडील (म्हणजे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ, 'एल्डर') यांचा वार्षिक मेळावा यंदा दापोली तालुक्यात घ्यायचं ठरलंय. आकडा साधारण १२०. एक जुनं बोर्डिंग मिळतंय, आता तिथे मुलं राहत नाहीत. दोन मोठे हॉल, आठ संडास, सहा न्हाणीघरं, एक विहीर, वर दोन हजार लिटरची टाकी आणि स्वयंपाकाला पत्र्याची शेड. मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं येतील, शिवाय आंबा घाट उतरून कोल्हापूरकडची दहा-बारा.

मंडळ्या एका पंथाच्या नाहीत. काही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), काही मेथॉडिस्ट, दोन-तीन स्वतंत्र. कमिटीत तारखेवरून दोन तट पडलेत. एक तट मे महिना म्हणतो, दुसरा जानेवारी २०२७. वक्ता कोण यावर तीन बैठका झाल्या, पण पाणी, जेवण, वेळापत्रक यांवर एकही नाही. ज्यांनी असे मेळावे हाताळलेत त्यांनी नेमकं सांगावं: तारीख, सामानाचे आकडे, सत्रं कशी लावायची, आणि कुठे फिसकटतं.

तारीखवही

मे सोडूनच द्या. चाकरमानी आलेले असतात, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि आंब्याची काढणी चालू असते. बागायतदार वडील त्या दिवसांत पेटी भरायची सोडून येणार नाही, आणि आला तरी अर्धा वेळ फोनवर दलालाशी बोलत बसेल. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच गणपतीची गर्दी. ऑक्टोबरात भातकापणी. नोव्हेंबर चालला असता, पण महिन्याच्या शेवटी आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार) लागतो आणि तिथून नाताळापर्यंत पाळक हाताला लागत नाहीत.

राहतो तो जानेवारीचा दुसरा आठवडा ते राखेचा बुधवार (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) एवढाच पट्टा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. फेब्रुवारीत दहावी-बारावीची गडबड सुरू होते आणि आपल्याकडे निम्मे पंच शिक्षक असतात. तेव्हा सोमवार १८ ते बुधवार २० जानेवारी धरा. पुढच्या आठवड्यात मंगळवारी २६ जानेवारी येते, झेंडावंदनाला मास्तरांना गावी राहावंच लागतं. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडाही असतो. तुमच्याकडे मंडळ्या मिश्र आहेत, तेव्हा आमंत्रणात त्याचा उल्लेख शोभेल. मोहोरावरची फवारणी तेव्हाही चालू असते, पण फवारणीतून दोन दिवस निघतात, काढणीतून निघत नाहीत.

शनिवार-रविवार धरू नका. रविवारी पाळक आपापल्या वेदीपाशी हवेत, आणि ज्यांच्याकडे तीन-तीन गावं आहेत त्यांचा शनिवारही प्रवासात जातो.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १८ जानेवारीच्या गाडीसाठी १९ नोव्हेंबर. सिंधुदुर्गाकडच्यांनी कणकवली किंवा कुडाळला बसून खेडला उतरायचं. खेडहून दापोली सुमारे ३० किलोमीटर, तिथे दोन वेळांना गाडी ठेवा आणि त्या वेळा आमंत्रणातच छापा. वीस-पंचवीस माणसं एका दिशेने येणार असतील तर एसटीची प्रासंगिक कराराची गाडी बघा. वेंगुर्ल्याहून येणाऱ्याचा अख्खा दिवस प्रवासात जातो, म्हणून सोमवारी संध्याकाळी पाचच्या आधी काहीही सुरू करू नका, आणि बुधवारी साडेबाराच्या आत त्यांच्या हातात जेवणाचं ताट पडू द्या.

भटारखाना

तारखेचं पटलं. आता पाणी, कारण मेळावा पहिल्या सकाळी सहा ते आठ या दोन तासांत बिघडतो.

आठ संडास म्हणजे संडासामागे पंधरा माणसं. सहा-सहा मिनिटं धरली तरी दीड तास. सहा न्हाणीघरांत एकेकाला सात मिनिटं दिली तर दोन तास वीस मिनिटं. आणि तुमची कमिटी सकाळी सातला प्रार्थना लावणार! म्हणून अर्ध्या लोकांना संध्याकाळच्या आंघोळीची पाळी द्या. तसं नोंदणीच्या वेळीच सांगा, नंतर सांगितलं की रुसवे होतात. गरम पाण्याला मागल्या बाजूला चुलीवर दोन मोठे हंडे, पहाटे साडेचारला पेटवायचे. दापोलीत जानेवारीची पहाट गार असते, साठी ओलांडलेली माणसं थंड पाण्याने आंघोळ करणार नाहीत. पांघरूणही कमी पडतं, प्रत्येकाला स्वतःची चादर आणायला लिहा.

माणशी ४५ लिटर धरलं तर दिवसाला ५,४०० लिटर. दोन हजारांची टाकी म्हणजे दिवसातून तीनदा भरायची. रात्री झोपण्याआधी ती काठोकाठ भरलेली हवी, कारण वीज जाते ती नेमकी पहाटे. मोटारीपुरता जनरेटर भाड्याने घ्या. ध्वनिक्षेपकाला तो वापरायची गरज नाही, बॅटरीवर भागतं.

विहीर बरेच दिवस वापरात नसेल तर आदल्या आठवड्यात थोडी उपसून घ्या. मग क्लोरीन. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, तो त्यालाच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि ७८५ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे २१,२०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे ५३ ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा. हे रात्री करा म्हणजे सकाळपर्यंत काम झालेलं असतं. पावडर उघड्या पिशवीतली, जुनी असेल तर तिच्यात दम राहिलेला नसतो. प्यायला मात्र जार मागवा, माणशी चार लिटर म्हणजे दिवसाला २० लिटरचे २४.

जेवण. चपाती असेल तर एका वेळेला १२ किलो तांदूळ, नुसता भात असेल तर १६. तूरडाळ सहा किलो. कोंबडी साफ केलेली २२ ते २४ किलो, तिच्या वाटणाला १४ नारळ. पोहे नऊ किलो. चहाच्या एका फेरीला सात लिटर दूध, सव्वा किलो साखर, ३०० ग्रॅम पावडर. बिनसाखरेची किटली वेगळी आणि तिच्यावर चिठ्ठी. वडील म्हटले की मधुमेह आलाच.

मंडळ्यांकडून धान्यअर्पण म्हणून तांदूळ येतो ना, तिथे सांभाळा. जानेवारीत येणारा तांदूळ नवा असतो. त्याला पाणी कमी लागतं, आणि आचाऱ्याने नेहमीच्या मापाने घातलं की १६ किलोचा गिच्च गोळा होतो. अर्धा जुना तांदूळ विकत घ्या. नवा आणि जुना एका पातेल्यात मिसळू नका, एक शिजेपर्यंत दुसरा मोडतो. नव्याची सकाळी पेज करा, तिला तोच चांगला.

बांगडा घालायचा मोह होणारच, हर्णै बंदर एवढ्या जवळ आहे. १२० जणांना दोन-दोन नग म्हणजे ३५-३६ किलो. तळायचा विचारही करू नका, तव्यावर एवढं निघत नाही आणि शेवटच्या पंगतीला गार तुकडे जातात. आमटीच करा. बांगडा पकडल्यापासून बर्फात नसेल तर त्यात हिस्टामीन तयार होतं. मासा दिसायला बरा असतो, वास येईलच असं नाही, आणि शिजवूनही ते जात नाही. जेवल्यावर तासाभरात तोंड लाल, डोकं ठणकतंय, अंगावर गांधी, अशी वीस माणसं एकदम बसतात. माशाइतकाच बर्फ, आणि लिलावापासून चुलीपर्यंत डबा उन्हात ठेवायचा नाही. एवढं जमणार नसेल तर सरळ कोंबडी.

सोलकढी १८ लिटर लागेल. ३० नारळ, सुमारे दीड लिटर कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतं, चव घेतल्याशिवाय वरून घालू नका. ती स्टीलच्याच पातेल्यात करायची, ॲल्युमिनिअम आणि पितळ आंबटाने कळकतं. नारळाचं दूध सकाळी काढून आगळ त्यात जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घाला. सकाळी नऊला कढी कालवून ठेवली की साडेबाराला वर चोथा आणि खाली गुलाबी पाणी.

खाडीकाठ

भटारखाना, तुमचा निरोप छापून शेडमध्ये लावतो. आता कार्यक्रमाचं बोला. कमिटीने दिवसाला पाच संदेश ठेवलेत, आणि एक संध्याकाळ समुद्रावर प्रार्थना.

वेंगुर्लेकरीण

पाच संदेश म्हणजे ऐकणाऱ्यांवर अन्यायच. दोन पुरे.

पण आधी आमंत्रण नीट करा, कारण 'वडील' हा शब्द तुमच्या तिन्ही प्रकारच्या मंडळ्यांत वेगवेगळ्या माणसाला लागतो. प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळीत वडील म्हणजे सभासदांनी निवडलेला, पाळकाबरोबर कारभार बघणारा माणूस. मेथॉडिस्टांच्या रचनेत 'एल्डर' म्हणजे दीक्षित पाळकच. सीएनआयमध्ये पाळकाला प्रेस्बिटर म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचाही मूळ अर्थ वडीलच. १९७० साली सीएनआय झाली तेव्हा ज्या मंडळ्या एकत्र आल्या त्यांत प्रेस्बिटेरियन परंपरा होती, म्हणून जुन्या गावांत दोन्ही शब्द अजून सरमिसळ चालतात. स्वतंत्र मंडळ्यांत पगारी पाळक नसेल तर वडीलच सगळं. नुसतं 'वडिलांना आमंत्रण' असं छापलंत तर कुठून एकटे पाळक येतील आणि कुठून सात पंच. "प्रत्येक मंडळीतून पाळक किंवा सेवक एक, आणि कारभारात निवडून दिलेले दोघे, त्यांत निदान एक स्त्री" असं स्पष्ट लिहा.

पत्र फक्त पाळकसाहेबांच्या नावे गेलं की पाळकीणबाई येणार की नाही हे शेवटच्या दिवशी कळतं, आणि बायकांच्या हॉलमध्ये वीस गाद्या कमी पडतात. फॉर्मवर नाव, वय, स्त्री की पुरुष, औषधं, गुडघे दुखतात का, आणि कुठल्या गाडीने येणार एवढं हवं.

आता सत्रं. मंगळवारी सकाळी सव्वानऊ ते साडेदहा शास्त्राभ्यास. प्रेषितांची कृत्ये २०:१७-३८ घ्या, पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेताला बोलावून घेतो तो भाग. तुमच्या मेळाव्याला याहून जवळचा उतारा नाही. आठ-आठ जणांचे गट करा, एका गटात एकाच मंडळीचे दोघे नकोत. वक्त्याने वीस मिनिटं बोलावं, बाकी गटांनी. अठ्ठाविसाव्या ओवीवर सगळे थांबतात, पण तेहतीस ते पस्तीस वाचायला लावा. सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी कष्ट केले, हे तिथे आहे. हिशेबाच्या सत्राला याच्याहून चांगली पायरी मिळणार नाही. दुसऱ्या सकाळी १ पेत्र ५:१-४ पुरे.

अकरा ते सव्वाबारा एक कामाचा विषय. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. इन्सुलिन घेणाऱ्यांना "जरा प्रार्थना आटपू द्या" परवडत नाही. जेवल्यावर अडीचपर्यंत काही ठेवू नका. दमट दुपारी भाषण ठेवलं तर पहिली रांग झोपते आणि मागची बाहेर विड्या ओढते.

अडीच ते चार हे सत्र माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: पाळक एका खोलीत, वडील-पंच दुसऱ्या, शब्बाथशाळेचे शिक्षक तिसऱ्या. एकत्र बसले की पंच गप्प राहतात. पाळकाच्या पगाराचं, त्याच्या घराच्या गळक्या कौलांचं, रुग्णभेटीला कोण जातं याचं बोलणं त्यांच्यासमोर निघत नाही, आणि पाळकही पंचांसमोर थकलोय म्हणत नाहीत. प्रत्येक खोलीतून तीनच मुद्दे कागदावर यावेत, बोलणाऱ्याचं नाव न घालता. ते बुधवारी सकाळी सर्वांसमोर वाचायचे.

शिक्षकांच्या खोलीत अर्धा तास पॉक्सो कायद्यासाठी ठेवा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. "आधी कमिटीत बसून बघू" हा पर्यायच कायद्याने ठेवलेला नाही. पुष्कळ पंचांना हे ठाऊक नसतं.

समुद्रावरच्या प्रार्थनेबद्दल: तिथी बघा. कोळ्यांचं पाऊणपटीचं गणित आहे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. समजा त्या दिवशी एकादशी असली तर सव्वाआठ. म्हणजे दुपारी सव्वादोनला ओहोटी आणि संध्याकाळी सहाला पाणी चढतीवर. तेव्हा बैठक पुळणीच्या वरच्या अंगाला, सुरूंच्या बाजूला लावा. पाण्यात उतरायचं नाही हे आधीच जाहीर करा, घाटावरची माणसं पहिल्यांदा समुद्र बघतात आणि पँट दुमडून निघतात.

पेटीवाला

दोन-तीन गोष्टी राहिल्यात.

गीताचा नंबर सांगू नका, पहिली ओळ सांगा. गीतपुस्तकाच्या आवृत्त्यांत नंबर बदलतात, आणि अर्धा हॉल दुसरंच गीत उघडून बसतो. बारा गीतं निवडून शब्द मोठ्या अक्षरांत छापा. ना. वा. टिळकांची भजनं घ्या, ती तिन्ही पंथांना पाठ असतात, आणि माणूसही याच जिल्ह्यातला, १८६१ मध्ये करजगावात जन्मलेला. पेटीचा सूर पांढरी एक किंवा काळी एक ठेवा. तरुण मुलं कीबोर्डवर चढा सूर लावतात आणि म्हातारे दुसऱ्या कडव्याला गप्प होतात.

ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून आधी घ्या. रात्री दहाला बंद म्हणजे बंद.

प्रभुभोजन ठेवायचं तर कोणत्या पंथाच्या रीतीने, हे सगळ्या पाळकांशी आधी फोनवर बोलून घ्या. स्टेजवर ठरवायला गेलात की फाटतं. यजमान मंडळीच्या पाळकांनी चालवावं आणि ज्यांना घ्यायचं नाही त्यांना जागेवर बसून राहता यावं, हे बरं. छोट्या पेल्याला १५ मिली, १२० पेल्यांना दोन लिटर रस पुरतो. मनुका उकळून घरी केलेला असेल तर बर्फात ठेवा, आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी तो फसफसतो. पाव उपासनेच्या आधी कापा, सकाळी कापला की वाळून चुरा होतो.

आणि खोल्यांपासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा. जुनं बोर्डिंग, चिऱ्यांचे गडगे, पालापाचोळा म्हणजे फुरशाचं घरच. चार दिवस आधी आवार साफ करा, आणि जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे ते विचारून नंबर भिंतीवर लावा.

हिशेबनीस

वर्गणी माणशी घेऊ नका, मंडळीमागे घ्या आणि तीन पातळ्या ठेवा. वीस घरांची मंडळी आणि दोनशे घरांची मंडळी यांना एक दर लावला की लहानी येतच नाही. जो वडील रोजंदारीवर आहे त्याचे तीन दिवस बुडतात, त्याचं प्रवासभाडं कमिटीने द्यावं.

भाडं तिकीट बघूनच द्या. एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. सरसकट पूर्ण भाडं वाटलंत तर तुमच्या वडीलधाऱ्या पाहुण्यांमुळेच हिशेब फुगतो, आणि तिकिटाशिवाय ऑडिटर ते धरतही नाही. आचारी, मंडप, जनरेटर यांना एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊ नका, चेक किंवा खात्यावर. धान्यअर्पणाचीही पावती फाडा: अमुक मंडळी, तांदूळ २५ किलो, नारळ ४०. उरलेलं सामान कोणाला दिलं तेही लिहा. भांडणं पैशापेक्षा उरलेल्या तेलाच्या डब्यावरून होतात.

अकराच्या कामाच्या सत्रात सार्वजनिक न्यासाचा विषय घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे निवडणूक होते, पेढे वाटले जातात आणि अर्ज कोणी देत नाही. दहा वर्षांनी परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदीचा) उतारा काढला तर त्यावर मयत माणसांची नावं. मग बँक सही बदलून देत नाही आणि सातबाऱ्यावरची दुरुस्ती अडते. प्रत्येक मंडळीने उताऱ्याची नक्कल बरोबर आणावी असं आमंत्रणातच लिहा. सत्रात भाषण नको, प्रत्येकाने आपल्या उताऱ्यावर हयात नसलेल्या नावांवर पेन्सिलने खूण करायची. तेवढं पुरतं.

परदेशी पाहुणा वक्ता सुचवला जात असेल तर त्याचा व्हिसा बघा. पर्यटक व्हिसावर उपदेश करता येत नाही. मुक्कामी ठेवलात तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते.

खाडीकाठ

१८ ते २० जानेवारी कमिटीत मंजूर झालं, संदेश पाचाचे दोन झाले (एक सभासद नाराज आहेत, त्यांना उद्घाटनाची प्रार्थना दिली). बाणकोट बघायचं का, असा नवा मुद्दा निघालाय. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम तिथे सुरू केलं म्हणून.

तारीखवही

कारण चांगलं आहे, वेळ नाही. दापोलीहून जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो आणि जाणार तो नेमका अडीचच्या गटांच्या सत्रातून. ज्यांना बघायचंय त्यांनी बुधवारी जेवल्यावर थांबावं. मंडणगडवाल्यांच्या तर ते तालुक्यातच आहे, त्यांच्याच गाडीत आठ-दहा माणसं बसतील.

भटारखाना

थांबणार असतील तर मंगळवारी रात्रीपर्यंत आकडा सांगा. बुधवारी दुपारची भांडी घासून झाली की आचारी निघतो, आणि त्या दहा जणांच्या रात्रीच्या जेवणाचं कोणाच्याच डोक्यात नसतं.